यंदा नाही, रणधीरराव

आमच्या दाजींचं नाव गुरुनाथ घाडी. पण माकणीत चार वर्षं त्यांना या नावानं ओळखणारी माणसं दोनच होती, एक माझी बहीण दीपमाला आणि दुसरा पोस्टमन. बाकी गावाला ते 'कोकण्या'. हे नाव मी ठेवलं. पुढं जे झालं त्याची सुरुवातही माझ्यापासूनच आहे, म्हणून हे मीच सांगितलेलं बरं. दुसऱ्या कुणी सांगितलं तर तो मला जरा सांभाळून घेईल, आणि ते मला नको आहे.

दीपा प्राथमिक शिक्षिका. तिला नोकरी लागली ती थेट देवगडजवळच्या एका वाडीवरच्या शाळेत. आमच्याकडच्या पोरापोरींचं हे नेहमीचंच, नोकरी कोकणात आणि डोळे बदलीच्या यादीकडं. दीपाचे डोळे मधेच दुसरीकडं वळले. शाळेच्या खाली बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक माणूस होता, सावळा, सडपातळ, कमी बोलणारा. त्याच्याशी तिनं लग्न केलं. आठ वर्षांनी तिचं नाव यादीत आलं आणि माकणीचीच शाळा मिळाली. दाजींनी बंदरावरचं दुकान बंद केलं आणि बायकोच्या बदलीमागं ते आमच्या घरी राहायला आले.

गावाला एवढं पुरेसं होतं. नवऱ्याच्या मागं बायको जाते हे सगळ्यांनी पाहिलेलं. बायकोच्या ऑर्डरवर नवरा आलेला कुणी पाहिला नव्हता. माझे वडील रामकिसन, त्यांनी तर जावयाशी बोलणंच ठेवलं नाही. काही काम असलं की भिंतीकडं बघून म्हणायचे, "हिरीवरची मोटार बंद पडलीया म्हनावं." दाजी उठायचे, पाना-पक्कड घ्यायचे आणि मोटार चालू करून यायचे. वर्षभरात निम्म्या गावाच्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेल्या. तरी ते कोकण्याच राहिले.

मागं देवगडला दाजींची आई एकटी राहिली होती. आजूबाजूचे शेजारी बघायचे, पण म्हातारीचं वय झालं होतं. तिला इकडं आणावं हा एकच ध्यास दाजींना होता. म्हातारी नाही म्हणत नव्हती, तिची अट होती. "तिथली माणसा तुका आपलो म्हणतील, त्या दिवशी मी येतंय. तोवर नाय." पोरगा सासरी ओझं होऊन राहतोय आणि त्यावर आपण दुसरं ओझं, हे तिला नको होतं. रोज संध्याकाळी दाजी अंगणात उभे राहून तिला फोन करायचे आणि रोज एकच वाक्य बोलायचे, "होय गे आये, हंय सगळी माका आपलोच मानतत." एवढं तर आम्हालाही कळायचं. मी त्यांच्या आवाजाची नक्कल करायचो आणि पोरं पोट धरून हसायची. म्हातारीला मात्र ते खोटं आहे हे रोज कळत असणार, कारण ती काही आली नाही.

भाषा मराठी, देव तेच, पंचांग तेच. आम्हाला वाटलं होतं माणूस फार काही वेगळा नसेल. पहिल्याच जेवणाला तो समज गेला. आईनं, म्हणजे धुरपदाबाईनं, ताटात भाकरी वाढली, येसराची आमटी वाढली, खर्डा ठेवला. दाजी ताटाकडं बघत बसून राहिले. आई म्हणाली, "जावईबापू, भाकरी मोडा की." ते हळूच म्हणाले, "भात येऊ दे, मग घेतो." आमच्यात भात म्हणजे शेवटी दोन घास, तोही सणावाराला. त्या दिवशी तर शिजवलाच नव्हता. मी म्हणालो, "दाजी, आमच्यात जावयाला भात उशिरा वाढत्यात. मान असतो." आणि आत जाऊन आईला सांगितलं, त्यांचं पोट भरलंय, आग्रह करू नकोस. आम्ही जेवलो, हात धुतले, आणि दाजी ताटापुढं भाताची वाट बघत बसलेले. दीपा शाळेतून आली तेव्हा आमटीवर साय धरली होती. ती माझ्या अंगावर धावून आली. दाजींनीच तिला अडवलं, म्हणाले, "अगो, माझीच चूक झाली."

मला तिथंच कळलं की हा माणूस चिडत नाही. न चिडणाऱ्या माणसाला चिडवायला काय लागतं? हातात फुकटचा वेळ आणि हसणारी चार माणसं. माझ्याकडं दोन्ही होतं. माझा दोस्त आयुब तर पहिल्यापासून सोबत. त्याचं नळदुर्गला हायवेवर टायरचं दुकान, पण रान माकणीत, आमच्या रानाला लागून.

दाजी शिकत होते, हे सांगायला हवं. भाकरी चुरून आमटीत कालवायला शिकले. खर्डा खाताना डोळ्यांतून पाणी यायचं, पण ताटात कधी टाकला नाही. हुलग्याचे शेंगोळे तर त्यांना मनापासून आवडायला लागले. धरणातला मासा मात्र जमला नाही. निम्न तेरणाच्या पाण्यातला ताजा कटला मी मुद्दाम आणला आणि सगळ्यांसमोर वाढला. पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "गोडं पाणी," एवढंच म्हणाले आणि सगळा खाल्ला. पुढं महिनाभर पोरं त्यांना रस्त्यात विचारायची, "कोकण्या दाजी, मासा कसा हुता?"

मग खेळ. तिकडं म्हणे गावोगावी टेनिस बॉलचं क्रिकेट. आमच्याकडं पोरगं चालायला लागलं की खो-खोच्या पाटीत बसतं. माझं लहानपण त्या मैदानात गेलं, आता शाळेच्या पोरांना मीच शिकवतो. दाजी एकदा बघायला आले. मी त्यांना आठ जणांच्या रांगेत उकिडवं बसवलं. सांगितलं, "पाठीवर खो मिळाला की उठायचं, त्याच्या आधी हलायचं न्हाय." आणि पोरांना डोळा मारला. दोन डाव झाले. दाजींच्या डावीकडच्याला खो मिळाला, उजवीकडच्याला मिळाला, त्यांना कुणी दिला नाही. पळणारं पोरगं त्यांच्या पाठीमागून गेलं की दर वेळी ते खांदा ताठ करायचे, आणि पोरगं पुढं निघून जायचं. खेळ संपल्यावर त्यांना सरळ उभं राहता येईना. मी म्हणालो, "नव्या मानसाला शेवटाला खो देतात, मान म्हनून. आज येळ संपला." ते गुडघे चोळत म्हणाले, "पुढच्या वेळी." पुढच्या वेळीही ते बसले होते.

पोळ्याचं मात्र मी आयुष्यात विसरणार नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचे खांदे सोलवटलेले असतात, त्यांना लोणी आणि हळद चोळतात आणि बैलापुढं हात जोडून म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." पहिल्याच वर्षी बैलांची खांदेमळणी झाल्यावर मी दाजींना अंगणात बोलावलं. म्हणालो, "दाजी, बैल आन् जावई, दोगंबी घराचं वझं वाहत्यात. नव्या जावयाचीबी मळणी आसती. शर्ट काढा." आयुबनं लोणी आणलं. मी त्यांच्या दोन्ही खांद्यांना लोणी-हळद चोळली, गळ्यात बैलाचाच एक गोंडा घातला. गल्ली जमली होती. मी हात जोडून म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दाजींनीही हात जोडले आणि म्हणाले, "येतो." सगळी गल्ली हसून फुटली. माझे वडीलसुद्धा भिंतीकडं तोंड करून हसले. दाजींनी आयुबला फोटो काढायला सांगितला आणि तो लगेच आईला पाठवला. पलीकडून फोन आला. स्पीकरवर म्हातारीचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला, "गुरू, केवढो मान दिल्यांनी रे तुका!" त्यावर तर काही पोरं हसून हसून जमिनीवर बसली.

आणि मग येळवस. बाहेरच्या माणसाला येळवस सांगून कळत नाही. ऐन हिवाळ्यातली अमावस्या असते, त्या दिवशी आमच्या भागात गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळं गाव रानात. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते. कडब्याची खोप करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, पूजा होते. घरचा माणूस डोक्यावर आंबिलाचं मडकं घेऊन रानात येतो, पिकात आंबील शिंपत "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणत फिरतो. मग भज्जी, बाजरीचे उंडे, धपाटे, खीर, आंबील. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. सोलाणे म्हणजे ओला हरभरा, पालेभाज्या, शेंगा, जे रानात येतं ते सगळं एका भांड्यात घोटलेलं. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्या परक्यालाही बोलावून वाढतात. आम्ही दाजींना वाढायचो नाही.

पंगत बसली की दाजींना कुठंतरी पळवायचं, हा आमचा खेळ ठरून गेला. पहिल्या वर्षी सांगितलं, पूजेचा नारळ घरी राहिला. तीन किलोमीटर पळत गेले, आले, तोवर भांडी धुऊन झाली होती. दुसऱ्या वर्षी सांगितलं, घरी तहसीलचा माणूस तुमची सही मागतोय. घराला कुलूप होतं आणि ओट्यावर एक शेळी बसली होती. तिसऱ्या वर्षी मी डोकं जास्त चालवलं. म्हणालो, "दाजी, तुमच्या आईनं सुकट आन् कोकमाचं पार्सल धाडलंय. सोलापूरच्या गाडीत कंडक्टरजवळ हाय, लोहाऱ्याला उतरून घ्या." त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. "खरंच?" मी म्हणालो, "आईची शपथ." लोहाऱ्याच्या स्टँडवर ते तीन गाड्यांच्या कंडक्टरांना विचारत बसले. दिवस कलताना परत आले तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं दिसलं. रागावले नव्हते, पण माझ्या शेजारी बसले नाहीत. दीपा मला म्हणाली, "दादा, त्यांच्या आईवरून न्हाय. बाकी काय करायचं ते कर." मी म्हणालो, गंमत गं.

आता गेल्या वर्षीची येळवस. चौथी.

त्या दिवशी दीपाला लोहाऱ्याला निवडणुकीचं कसलंसं प्रशिक्षण होतं. सणाच्या दिवशी, पण सरकारी काम. संध्याकाळपर्यंत ती हॉलमध्ये, फोन मुका करून पर्समध्ये. रानात आम्ही सगळे. यंदा आंबिलाचं मडकं वडिलांना झेपणार नव्हतं, म्हणून आईनं ते दाजींच्या डोक्यावर दिलं. आम्ही त्यांना धोतर नेसायला लावलं होतं. धोतराला खिसा नसतो, त्यांचा फोन घरीच चार्जिंगला राहिला.

बाराच्या सुमारास मी तुरीच्या शेंगा काढायला बांधावर गेलो. खाली रानात रेंज नसते, बांधावर येते. फोन वाजला. देवगडचा नंबर. दाजींचे शेजारी होते, लग्नात त्यांनी माझा नंबर घेतला होता. माणूस धापा टाकत बोलत होता, "गुरूचो फोन लागत नाय. तुमच्या बहिणीचोव नाय. गुरूक सांगा, आये सकाळी पडली. हॉस्पिटलात आसा. डॉक्टर म्हणतत वेळ नाय. ती सारख्या एकच विचारता, गुरू इलो काय. आत्ताच्या आत्ता निघाक सांगा." मी हो म्हणालो. तिथंच हिशोब केला, आयुबची जीप रानातच उभी आहे, आत्ता निघाले तर सोलापूर, कोल्हापूर करत मध्यरात्रीच्या आसपास देवगड.

खाली आलो तर पंगत बसत होती. दाजी पिकात आंबील शिंपून आले होते, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. आमच्याकडं अशी बातमी कुणी सरळ सांगत नाही. माणूस गेलेला असला तरी 'जरा बरं न्हाय' एवढंच सांगतात, गाडीत बसवतात, वाटेत हळूहळू कळू देतात. माकणीतला कुणीही हे ऐकून चपला शोधायला लागला असता. मी तीच रीत पाळली. दाजींच्या डोळ्यांत बघवेना, म्हणून खाली बघत म्हणालो, "दाजी, तुमच्या आईला जरा बरं न्हाय म्हनत्यात. जेवन ऱ्हाऊ द्या, तुमी निघा."

दाजी माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. चार वर्षांत मी तसं हसू पाहिलं नव्हतं. दोन्ही हात कमरेवर ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यंदा नाही, रणधीरराव!" आणि मांडी घालून पंगतीत बसले.

रान दणाणलं. आयुबनं टाळी वाजवली, शिट्टी मारली, ओरडला, "वारे मेरे शेर! रणध्या, पकड्या गया ना!" शेजारच्या रानातली माणसं बघायला आली. मी म्हणालो, "दाजी, खरंच सांगतोय." त्यांनी मान वाकडी करून विचारलं, "आईची शपथ?" मी म्हणालो, "आईची शपथ." सगळे आणखीनच हसले, कारण गेल्या वर्षीची शपथ सगळ्यांना ठाऊक होती.

तेवढ्यात माझे वडील उठले. भज्जीचं भांडं स्वतः उचललं, दाजींच्या पुढं गेले आणि त्यांच्या पत्रावळीत पहिली भज्जी वाढली. चार वर्षांत पहिल्यांदा जावयाच्या तोंडाकडं बघून बोलले, "बसा जावईबापू. पोटभर जेवा." मग आमच्याकडं वळून म्हणाले, "आजपासून ह्येंला कोकण्या म्हनायचं न्हाय. हा मानूस आपला हाय." दाजींचे डोळे भरून आले. त्यांनी वडिलांच्या पायाला हात लावला. आई पदरानं डोळे पुसत होती.

मला काय करता आलं असतं ते मला नीट माहीत आहे. शंभर पावलांवर बांध होता. दाजींचा हात धरून तिथं न्यायचं, फोन लावायचा आणि त्यांच्या कानाला द्यायचा. ते मी केलं नाही. सणाच्या पंगतीत अमावस्येला असलं तोंडातून काढलं म्हणून वडील मला फाडून खातील असं वाटलं. चार वर्षांनी ते जावयाशी बोलले होते. आणि मनात असंही आलं की दीपाला फोन लागेल, ती सांगेल. हे सगळं खरं आहे, आणि यातलं काहीही पुरेसं नाही. मी पंगतीत बसलो. आईनं वाढलं. मी जेवलो.

तासाभरानं दाजी माझ्याजवळ आले. तोंडावर अजून तेच हसू. म्हणाले, "रणधीरराव, तुमचा फोन द्या जरा. बांधावर जाऊन आईला सांगतो. बाबांनी आज आपला म्हटलं. आता ती नक्की येईल." त्यांनी हात पुढं केला होता. फोन माझ्या खिशात होता. फोन दिला असता तर पलीकडून शेजारी बोलले असते, आणि एक तास मी काय करत होतो हे सगळ्यांना कळलं असतं. मी भ्यालो. म्हणालो, "आज बांधावरबी रेंज न्हाय, दाजी. सांजच्याला घरी जाऊन लावा." ते म्हणाले, "बरं. संध्याकाळी सांगतो. तेवढंच सावकाश बोलता येईल." आणि खोपीत जाऊन पोरांना आंबील वाढायला लागले.

सहा वाजता दीपा हॉलमधून बाहेर आली आणि तिनं फोन बघितला. सतरा मिस्ड कॉल. ती लोहाऱ्याहून रिक्षा करून थेट रानात आली. आई हॉस्पिटलात आहे, दादाला दुपारीच कळवलंय, एवढं तिनं दाजींना सांगितलं. दाजी तिच्याकडं बघत होते, मग माझ्याकडं बघितलं, एकदाच. धोतरावरच आयुबच्या जीपमध्ये बसले. मी चढायला गेलो तर दीपानं माझ्या छातीवर हात ठेवून मला मागं ढकललं.

ते पहाटे सहाला पोचले. म्हातारी चारला गेली होती. दोन तास. शेजाऱ्यांनी सांगितलं, शुद्ध होती तोवर गुरू इलो काय, एवढंच विचारत होती. उशाला मोबाइल ठेवायला लावला होता तिनं, त्यात पोळ्याचा तो फोटो उघडलेला. येणाऱ्याजाणाऱ्याला, नर्सला, दाखवायची. सांगायची, माझ्या झिलाक तिथली माणसा किती मानतत बघा.

हे मला आयुबनं सांगितलं, परत आल्यावर, एकदाच. आणखी एक सांगितलं. जाताना कोल्हापूरच्या पुढं दाजी जीपमध्ये बोलले होते. भाताचं, खो-खोचं, पोळ्याचं, सगळं त्यांना ज्या त्या दिवशीच कळलं होतं. म्हणाले, "हसू देत म्हटलं. आज हसले की उद्या घरात घेतील. पार्सलचं तेवढं कळलं नाही. आईचं नाव आलं ना, म्हणून." आयुब हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हता. म्हणाला, "मेरेकू तो एक बार बोलना था, रणध्या. जीप वहींच खडी थी." मग टायर उचलून आत गेला. तेव्हापासून त्याच्या दुकानात माझ्यासाठी चहा येत नाही.

तेराव्यानंतर दाजी परत आले. दीपाची नोकरी इथं, त्यांना दुसरीकडं जायला जागा कुठं होती? मी अंगणात उभा होतो. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "त्या दिवशी बांधावर रेंज होती?"

मी म्हणालो, "हुती."

त्यांनी मान हलवली आणि घरात गेले. शिव्या दिल्या असत्या, कानफटात मारली असती, तर मी पाय धरले असते. तशी संधी त्यांनी मला दिली नाही. वर्षभर माझ्याशी नीट बोलले, मोटारी दुरुस्त करत राहिले, भाकरी मोडून खात राहिले. आता गाव त्यांना गुरुनाथराव म्हणतं. वडील त्यांना विचारल्याशिवाय पेरणी करत नाहीत. संध्याकाळी ते अंगणात जाऊन उभे राहतात, त्याच जागी, फोन न घेता. थोडा वेळ थांबून आत येतात.

यंदाची येळवस आत्ताच झाली. आंबिलाचं मडकं दाजींच्याच डोक्यावर होतं. आईचे गुडघे धरलेत, म्हणून सगळं रांधून देऊन ती घरीच थांबली होती. पंगत बसली, माझ्या पुढ्यात पत्रावळ आली, मी उंडा मोडला, आणि दाजी बांधावरून खाली आले. माझ्याजवळ उभे राहिले. माझ्या डोळ्यांत न बघता, खाली बघत म्हणाले, "रणधीरराव, तुमच्या आईला जरा बरं नाही म्हणतात. जेवण राहू द्या, तुम्ही निघा."

शब्द तेच होते, आवाजही तितकाच हळू. पंगत हसायला लागली. मी हसू शकलो नाही. उठलो आणि पळत सुटलो. चपला तिथंच राहिल्या. तीन किलोमीटर, ढेकळांतून, मग रस्त्यानं. वाटेत जे जे माझ्या मनात आलं ते मी इथं लिहीत नाही. घरी आई उन्हात पाय पसरून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून म्हणाली, "काय रं? जेवलास का न्हाय?"

परत रानात आलो तेव्हा सगळ्यांची जेवणं झाली होती. माझी पत्रावळ दाजींनी झाकून ठेवली होती. मला बघताच पुन्हा हशा पिकला. माझे वडील तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "जावईबापू, तुमी तर आमच्याबी वरताण निघाला!" आयुब त्याच्या रानातून बघत होता, तो हसला नाही. दाजीही हसत नव्हते. त्यांनी पत्रावळीवरचं झाकण काढलं, भज्जी वाढली, आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले,

"पंगतीतून उठायला किती वेळ लागतो, बघितलंत?"

माझ्या तळपायातून रक्त येत होतं. मी उभाच होतो. दाजींनी उंडा माझ्या हातात दिला.

"बसा. जेवा आता. गेल्या वर्षी जेवला होतात तसे."

सगळे बघत होते. मी बसलो आणि जेवलो.